पौष पौर्णिमेची होडी: कादंबरीच्या कामाच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४

काळ एकदाचा ठरला. जानेवारी १८९५, शके १८१६चा पौष. आधी १८९७ डोक्यात होतं, कारण प्लेग आला की गोष्टीला आयतीच धार येते. पण सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग सापडला, त्यानंतरच्या ठाण्यात एक म्हातारा दगावला तर कसा गेला हे विचारायला कोण थांबणार? मला असं गाव हवंय, जिथे वाड्याचा कारकून विहिरीत सापडला की चार दिवस तळ्याकाठी दुसरा विषय निघत नाही.

१८९५चं ठाणं तसं आहे. कलेक्टर कचेरी, कोर्ट, किल्ल्यातला तुरुंग, मासुंदा तलाव, कौपीनेश्वराचं देऊळ. बेने इस्रायली मंडळींचं सिनेगॉग १८७९चं. मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ला निघालं, म्हणजे नायिकेच्या भावाला घरी पुस्तकं आणायची सोय झाली. आणि रेल्वे येऊन चाळीस वर्षं उलटलीत. १६ एप्रिल १८५३ची ती चौदा डब्यांची, तीन इंजिनांची गाडी आता आजोबांच्या गप्पांत उरलीय. रेल्वेचं कुणाला नवल नाही, हे वहीत ठळक लिहून ठेवलं.

सुरापुरता एकच नियम: रक्त नाही. प्रेत दिसेल ते ओल्या धोतराच्या सोग्याएवढंच.

२५ नोव्हेंबर

नायिका भागीरथी. वय सव्वीस, बालविधवा, सीकेपी, खारकर आळीत भावाच्या बिऱ्हाडी. मुलींच्या शाळेत मास्तरीण. पगार स्वतःचा आणि ट्रंकेची किल्लीही स्वतःच्याच कमरेला.

पहिली वाचक (मैत्रीण, फार खवचट) लगेच म्हणाली, "अठराशे पंच्याण्णव साली एवढी मोकळी बाई? काहीही हं." पण तशा बायका होत्या. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ला मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, ज्या १८९३ला धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून आनंदीबाई कर्वे झाल्या. त्याच १८९३मध्ये धर्मांतराच्या आरोपांवरून सदनात वादळ उठलं आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. माझी भागीरथी त्या काढून नेलेल्यांपैकी. म्हणजे चार बुकं शिकलेली आणि ती अर्धवट सुटल्याचा राग मनात असलेली. केस राखलेत, म्हणून आळीत कुजबुज आहे. शाळेत बाई, घरी आत्या, आणि हळदीकुंकवाला आमंत्रण नाही.

हे शेवटचं फार कामाचं आहे. समारंभात जिला बसवत नाहीत ती माजघराच्या मागच्या दाराशी असते. तिथून सगळं दिसतं आणि तिच्याकडे कुणी बघत नाही.

२ डिसेंबर

खून का? पैशासाठी हे उत्तर आळशीपणाचं. त्या काळच्या कायद्यात डोकं घातलं आणि दोन दिवस बाहेरच आले नाही.

वाड्याची मालकीण बयाबाई, विधवा, मूल नाही. तिला दत्तक घ्यायचाय. आपल्याकडच्या मयूखाच्या, म्हणजे 'व्यवहारमयूख' या जुन्या धर्मशास्त्र-ग्रंथाच्या, परंपरेत विधवेला नवऱ्याने सांगून ठेवलेलं नसतानाही दत्तक घेता येई. मोठीच मोकळीक. पण एक मेख होती: नवरा भावांपासून विभक्त असायला हवा. एकत्र कुटुंबात गेला असेल तर नवऱ्याची परवानगी किंवा भाऊबंदांची संमती लागे. रामजी विरुद्ध घमाऊ हा मुंबई हायकोर्टाचा १८७९चा पूर्णपीठाचा निवाडा हेच सांगतो. आणि कायद्याचं गृहीतक असं, की कुटुंब एकत्रच. वाटण्या झाल्या असं ज्याचं म्हणणं, त्याने ते सिद्ध करायचं.

म्हणजे सगळा वाडा एका वाटणीपत्रावर उभा. ते आहे तर बयाबाई मालकीण. नाही तर ती पोटगीची धनीण आणि मालक मयत दिराचा मुलगा. मग वाटणीपत्राची सरकारी नक्कल का नाही? कारण ते शके १७८०चं, म्हणजे १८५८चं. स्थावराच्या दस्तांची सक्तीची नोंदणी १८६४च्या कायद्याने आली. त्याआधीचा कागद घरच्या दप्तरात, रुमालात बांधलेला, एवढाच. आणि त्यावर साक्ष घातलेल्यांपैकी जिवंत एकच, म्हातारा कारकून.

पौषात मुहूर्त नाही, म्हणून दत्तकविधान माघातलं ठरलंय. पुतण्याच्या हाती एक महिना. पंचांगाने एवढी मदत करावी!

९ डिसेंबर

नौपाड्यातल्या एका निवृत्त मोडी शिक्षकांकडे गेले. सरांनी घरचाच एक जुना कागद समोर ठेवला. आधी आडवी रेघ मारलीय, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि मग अक्षरं तिला खालून टांगत नेलीत. शब्दांत जागा नाही, हात उचललेला नाही. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. खिडकीकडे तिरका धरला तर शाईत बारीक चमचम दिसते. शाई वाळवायला टाकलेल्या वाळूचे कण तिथेच चिकटून राहिलेत. सरांनी माझं बोट हलकेच त्यावरून फिरवायला लावलं. खरखर लागते.

"बोरूचं अक्षर आणि धातूच्या टाकाचं अक्षर ओळखता येतं का सर?"

"न यायला काय झालं? टाक कागद ओरबाडतो. आमच्या आजोबांच्या कचेरीतल्या शिपायालाही कळायचं."

परत येताना रिक्षात ठरवून टाकलं होतं की म्हाताऱ्याच्या नावाने एक चिठ्ठी सापडते, ती टाकाने लिहिलेली असते, आणि भागीरथीला तेवढ्यावरून कळतं. पण ते शिपायाचं वाक्य डोक्यातून जाईना. शिपायालाही कळायचं तर फौजदाराच्या कारकुनाला का नाही कळणार? आज मला कळलं म्हणून ती खूण अवघड होत नाही. चिठ्ठी बाद.

१५ डिसेंबर

संपादकांचा फोन. "तुरुंगातून एखादं भुयार काढा ना मॅडम, किल्ला आयता आहे." प्रत्येक किल्ल्याला भुयार आणि प्रत्येक भुयाराला खजिना. नाही म्हटलं.

पण त्या किल्ल्याची खरी गोष्ट भुयारापेक्षा भारी आहे. १८१६मध्ये पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे तिथून निसटले. पहाऱ्यावर गोरे शिपाई होते. खिडकीखाली एक मोतद्दार घोड्याला खरारा करता करता गाणं म्हणे, आणि गाण्यात निरोप असे. शिपायांच्या कानांवर शब्दन् शब्द पडत होता. मराठी कुणाला येत नव्हती. बिशप हेबरने पुढे हे लिहून ठेवलंय. कादंबरीत भागीरथीची आजी हे दोन ओळींत सांगेल, त्याहून जास्त नाही.

पहारेकऱ्याने ऐकलं आणि तरी त्याला कळलं नाही. मला खूण हवीय ती अशी.

२२ डिसेंबर

घड्याळ! आठवडाभर हवेत होते.

तेव्हा रेल्वे मद्रास वेळेवर चाले आणि गाव मुंबईच्या वेळेवर. दोन्हींत अर्ध्या तासाचा फरक. स्टेशनच्या घड्याळात साडेसहा म्हणजे गावात सहा. हिंदुस्थानची प्रमाणवेळ आली १९०६मध्ये, आणि त्यानंतरही मुंबईत आपलीच वेळ धरून बसणाऱ्यांचा हट्ट कित्येक वर्षं गेला नाही. तर पुतण्या म्हणणार, मी सहाला स्टेशनावर होतो. आणि भागीरथी विचारणार, कुठल्या सहाला? वाचक खुर्चीतून उठेल.

वाचक उठेल, पण ठाणेकर उठणार नाही. रोज गाडीने मुंबईला जाणाऱ्या कारकुनाला ही वजाबाकी झोपेतही येत असणार. गाडी चुकू नये म्हणून त्याची बायकोही डबा त्या हिशेबाने भरत असेल. फौजदाराचा पहिला प्रश्नच "रेल्वे टाइम की गावचा?" असा असेल. ऐतिहासिक रहस्यकथांत हे सर्रास चालतं: लेखकाला ग्रंथालयात जे सापडून गंमत वाटली, तेच पात्राच्या हाती हुकुमी पान म्हणून द्यायचं आणि बाकी सगळ्या गावाला बावळट करायचं. मला पटत नाही. नवल आपल्याला वाटतंय, त्यांना नाही.

घड्याळ राहील, पण फौजदाराच्या तोंडी, तिसऱ्या पानावर, जाता जाता.

३० डिसेंबर

काही नाही. खलनायकाचा पुणेरी जोडा तेवढा छान वर्णन केला.

५ जानेवारी २०२५

चेंदणी कोळीवाडा. शाळेतल्या एका मैत्रिणीच्या आजेसासूबाईंना भेटायचं होतं. विषय होता तेव्हाच्या बायका मासळी घेऊन कोणत्या आळीत जात. आजी उन्हात बसून सोडे निवडत होत्या. मी विचारलं, सकाळी किती वाजता निघायच्या?

"वाजता?" आजी हसल्या. "पानी काय घड्याल बगून येतं काय गो बाय? आज दहाला, तर उद्या अकराला."

आणि मग बोटांवर मोजून दाखवलं. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थी, चार पाऊण तीन, भरती तीनला. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, चढ-उतार थोडा. पुनवेला-अवसेला उधाण, चढतं तेवढंच उतरतंही.

घरी येऊन ताळा केला. मुंबईची जुनी वेळ आजच्या प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. सव्वाअकरात ती मिळवली की आजच्या घड्याळात बाराला पाच-सहा मिनिटं कमी. पौर्णिमेला मुंबईची भरती बाराच्या आगेमागे असते, हे आजच्या कोष्टकांतही दिसतं. ठाणं खाडीत आत असल्याने आणखी थोडा उशीर. हा हिशेब मुळात सूर्याच्या वेळेचा असणार, असा माझा अंदाज.

आता कोणाला काय ठाऊक असेल ते बघू. कोळ्यांना आणि आगऱ्यांना हे जन्मतः माहीत. मिठागरात भरतीचं पाणी घ्यायचं तर तिथी लागतेच. फौजदार घाटावरचा, बदलून आलेला. त्याला खाडी म्हणजे डास. पुतण्या आजोळी साताऱ्याकडे वाढलेला. त्याला पाणी म्हणजे नदी, कधीही होडी घाला. आणि पांढरपेशा पंचमंडळींना मासळी दारात आली की कळते, पाणी कधी आलं याच्याशी देणंघेणं नाही.

भागीरथीला मात्र ठाऊक आहे. ती स्वतः खात नाही, विधवा आहे. भावाच्या मुलांसाठी मासळी घेण्याचं काम तिचंच. कोळीण आज उशिरा का, हा तिचा रोजचा प्रश्न आहे.

१३ जानेवारी

आज पौष पौर्णिमा. पुतण्याची जबानी अशी: "भिवंडीला तांदळाच्या व्यवहारासाठी गेलो होतो, होडीने आलो, संध्याकाळी सहाला ठाण्याच्या बंदरात उतरलो. कारकून तोवर गेलेलाच होता." म्हणून मुद्दाम संध्याकाळी मीठबंदर रोडने खाडीवर गेले.

पाच वाजता पाणी मागे सरत होतं. सव्वासहाला सूर्य गेला, समोर कळव्याच्या अंगाला चंद्र वर येत होता, आणि मधे काळाभोर चिखल पसरलेला. तिवरांची मुळं उघडी पडलेली, निवट्या, चिखलातले ते छोटे मासे, त्यात टुणटुण उड्या मारताहेत. दोन होड्या कुशीवर कललेल्या. सातपर्यंत पाणी उतरतच होतं.

आजची खाडी गाळाने भरलीय, तेव्हा हा पुरावा १८९५ला जसाच्या तसा लावत नाही. आजी म्हणाल्या, पूर्वी पाणी खोल होतं, तरी उधाणाच्या ओहोटीला होडी काठाला लागायची नाहीच. मधल्या धारेत थांबायची आणि माणूस चिखल तुडवत यायचा.

मी उतरून पाहिलं. फार आत नाही, घोट्याच्या वरपर्यंत. चप्पल तिथेच राहिली असती. वर आल्यावर जवळच्या नळावर पाय धुतले. पहिलं पाणी काळं, दुसरं करडं, नखांच्या कडा घरी येऊन ब्रशने घासल्या. वास रात्री उशीला आला.

आणि तिथेच प्रकरण सुटलं. दारी आलेल्या माणसाला आपण पहिलं काय देतो? पायावर पाणी. पुतण्या तिन्हीसांजेला दारात आला तेव्हा तांब्या घेऊन कोण गेलं? जिला पुढे बसवत नाहीत ती. भागीरथीने पाणी घातलं, ते पायावरून ओघळून तुळशीकडे गेलं, आणि लालसर होतं. रस्त्याची धूळ. काळं नव्हतं. जोडा कोरडा. पंचनाम्यात हे पाणी कुठे येणार?

१९ जानेवारी

उरलेली अडचण: वाचकाला भरतीचा हिशेब आधी द्यायला हवा, नाहीतर ती फसवणूक. पण दिला की तो ओळखणार.

उत्तर शाळेत सापडलं. मुली आंक म्हणताहेत: पावकी, निमकी, पाऊणकी. "एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड" असं चालत चालत शेवटी "पंधरा पाऊण सव्वाअकरा". वर्गात एक कोळ्याची पोर आहे. तिला पाऊणकी सगळ्यांत आधी पाठ झालीय आणि बाकीच्या मुली चिडवताहेत. भागीरथी विचारते, "तुला गं कशी येते?" पोर म्हणते, "आमची आय बोलते रोज." एवढंच. प्रकरण तिसरं, शाळेचा प्रसंग, वाचक पुढे जाईल.

हे लिहिताना फार मजा आली. आईने मला पावकीपर्यंतच शिकवलं होतं.

२ फेब्रुवारी

शेवटचा प्रसंग दोनदा कायद्यात अडला आणि दोन्ही वेळा कायद्यानेच तो चांगला केला.

एक. मुंबई शहरात अशा मृत्यूला कॉरोनर असे, ठाण्यात नाही. इथे फौजदाराने शेजारपाजारच्या दोन-चार प्रतिष्ठितांना घेऊन पंचनामा करायचा, फौजदारी प्रक्रिया कायद्याचं कलम १७४. प्रतिष्ठित म्हणजे व्यवहारात पुरुष. विहिरीवर पहाटे पाणी भरायला आलेल्या ज्या बायकांनी प्रेत पाहिलं, त्यांना आत घालवून पंचांनी लिहून दिलं: पाय घसरून. रहाटाचा दोर कोरडा होता, हे त्या बायकांना माहीत होतं, आणि त्यांना कुणी विचारलं नाही.

दोन. १८७२चा पुरावा कायदा, कलम २५: पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. म्हणजे सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून फौजदारासमोर गुन्हेगाराकडून वदवून घेणं ही आपली लाडकी पद्धत ठाण्याच्या कोर्टात कुचकामी! म्हणून फौजदार ओसरीबाहेर, हाकेच्या टप्प्याच्या पलीकडे. आत संक्रांतीचा तिळगूळ चाललाय. भागीरथी पुतण्याला एवढंच म्हणते, "भाऊराव, पुनवेला सहाला होडीतून उतरलात, तर चिखल कुठे धुतलात?" त्याला प्रश्नच कळत नाही. कोपऱ्यात टोपली घेऊन बसलेली कोळीण मात्र फिस्सकन हसते. तिच्या हसण्याने तो बिथरतो, आणि बोलतो ते काकूशी, चार बायकांसमोर. तो कबुलीजबाब कोर्टात चालेल.

वाटणीपत्र कुठे सापडतं ते इथे लिहीत नाही.

१६ फेब्रुवारी

खवचट मैत्रिणीने वाचलं. पाऊणकी तिच्या हातून निसटली, पायावरचं पाणी नाही. "तांब्यावर एवढं रेंगाळलीस की कळलंच." त्या परिच्छेदातून तीन वाक्यं काढली आणि पुतण्याने गुळाचा खडा मागितला ते पुढे आणलं. बयाबाईचं बोलणं तिला फार पुस्तकी वाटतंय. खरंय, ती भागीरथीला "भागे" म्हणते तेव्हाच जिवंत होते. सगळीकडे तसं केलं.

फौजदाराला थोडा शहाणा केला. तो मूर्ख नाही, परका आहे. शेवटी तो वहीत पाऊणपटीचा नियम उतरवून घेतो, आणि खाली मोडीत स्वतःची सही करतो.

२ मार्च

मुखपृष्ठाचं चित्र आलं. काठोकाठ भरलेली खाडी, मावळतीचा रंग, उगवता पूर्ण चंद्र, आणि बंदराला टेकलेली होडी. चित्रकाराला फोन लावला, की अहो, पौर्णिमेला तिन्हीसांजेला इथे पाणी नसतं, चिखल काढा, होडी कलती दाखवा. तो म्हणाला, "ताई, चिखलाचं पुस्तक कोण विकत घेईल?"

फोन ठेवल्यावर चित्र पुन्हा पाहिलं. हे तर पुतण्याच्या जबानीतलं चित्र आहे, शब्दन् शब्द. त्याला परत फोन करून सांगितलं, काही बदलू नका, असंच छापायला द्या.